नव राजा की नवरा, जा?

‘नवराजा’ ही चार अक्षरं सलग लिहून वाचायला दिली, तर कुणी ‘नव राजा’ वाचेल, कुणी ‘नवरा, जा’. अक्षरं तीच, क्रम तोच. तोडायची जागा तेवढी एका अक्षराने सरकली. दोन्ही वाचनं व्याकरणात बसतात, त्यामुळे चुकीचं वाचणाऱ्यालाही आपण चुकलो असं वाटत नाही. एक्स८६ प्रोसेसरचा, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी पीसीतल्या प्रोसेसरचा, मशीन कोड असाच सलग लिहिलेला असतो. एखादी इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेली आज्ञा, १ बाइटची, एखादी थेट १५ बाइटपर्यंत लांबलेली, आणि दोघींच्या मधे ना मोकळी जागा, ना स्वल्पविराम. प्रोसेसरचं त्यावाचून अडत नाही, कारण सुरुवात कुठून करायची हे त्याला ठाऊक असतं. बंद फाइल समोर घेऊन बसलेल्या डिसअसेंबलरला, म्हणजे हे बाइट वाचता येण्याजोग्या इन्स्ट्रक्शनमध्ये मांडणाऱ्या साधनाला, ते ठरवावं लागतं.

आणि तो ठरवतोच. ‘मला कळत नाही’ असं म्हणायची त्याला सवय नाही. एक्स८६ मध्ये जवळपास कुठलाही बाइट कुठल्या ना कुठल्या इन्स्ट्रक्शनची सुरुवात होऊ शकतो. त्यामुळे फोटोची फाइल दिली तरी तो नीटस, पत्त्यांसकट, ओळीखाली ओळ अशी यादी काढून देईल. म्हणून ‘सगळ्यात चांगला डिसअसेंबलर कोणता’ या प्रश्नाला फारसं उत्तर नाही. समोरच्या फाइलीत हा कुठे चुकेल, चुकलेलं आपल्याला दिसेल का, आणि दिसल्यावर हाताने दुरुस्त करता येईल का, या तीन प्रश्नांनी निवड बरीच सोपी होते.

त्याआधी फाइल ओळखायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण फाइलींच्या एक्स्टेन्शनला तंतोतंत लागू पडते, तेव्हा नावाकडे न बघता पहिले काही बाइट बघायचे. (बाइट इथे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर लिहिले आहेत; ९ नंतर ए ते एफ.) लिनक्सची ईएलएफ ही चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल ‘७एफ’ आणि मग ‘ईएलएफ’ या अक्षरांनी सुरू होते. पाचवा बाइट १ असेल तर ३२ बिट, २ असेल तर ६४ बिट. सहावा १ असेल तर लिटल एंडियन (आकड्याचा लहान बाइट आधी), २ असेल तर बिग एंडियन (मोठा आधी). हेक्स १२ या जागेवर प्रोसेसरचा क्रमांक असतो : ३ई म्हणजे ६४ बिट एक्स८६, २८ म्हणजे ३२ बिट एआरएम, बी७ म्हणजे ६४ बिट एआरएम, एफ३ म्हणजे रिस्क-व्ही. विंडोजची पीई फाइल ‘एमझेड’ने सुरू होते. पण ते तोंड डॉसच्या काळातलं; खरा हेडर, म्हणजे फाइलीची ओळख सांगणारा भाग, कुठे आहे तो आकडा हेक्स ३सी या जागी लिहिलेला असतो, आणि तिथून पुढे १४सी दिसलं तर ३२ बिट, ८६६४ दिसलं तर ६४ बिट.

एक गंमत सांगायलाच हवी. ‘सीएएफईबीएबीई’ हे चार बाइट जावाच्या क्लास फाइलीच्या सुरुवातीला असतात आणि मॅकच्या अनेक-प्रोसेसरी फॅट बायनरीच्याही. मग ओळखायचं कसं? पुढच्या चार बाइटांवरून. मॅकच्या फाइलीत तिथे आत किती प्रोसेसरांचा कोड आहे तो आकडा असतो, म्हणजे २ किंवा ३. जावाच्या फाइलीत तिथे आवृत्ती असते, आणि जावाच्या मुख्य आवृत्त्यांचे आकडे ४५ पासूनच सुरू होतात. जावा ८ चा आकडा ५२. चाळीस-पन्नास प्रोसेसरांसाठी एकच फाइल कुणी बनवत नाही, एवढ्या भरवशावर ‘फाइल’ ही कमांड दोघांना वेगळं काढते.

आता सगळ्यात लहान फाइलीपासून सुरुवात करू, कारण साधन का चुकतं ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. फॅट१२ किंवा फॅट१६ डिस्कचा बूट सेक्टर, म्हणजे संगणक सुरू होताना त्या डिस्कवरून आधी वाचला जाणारा तुकडा : ५१२ बाइट, शेवटचे दोन ५५ आणि एए. त्याला हेडर नाही, सेक्शन (कोड आणि डेटाचे वेगळे कप्पे) नाही, काहीच नाही. घिड्रासारखं मोठं साधन तो उघडू शकतं, पण प्रोसेसर, बिट आणि पत्ता सगळं आपणच सांगायचं असेल तर एवढा लवाजमा कशाला? नॅझम या असेंबलरसोबत येणारं एनडिसअॅझम इथे पुरतं. त्याला फाइलींचे प्रकार मुळीच कळत नाहीत, आणि इथे तोच त्याचा गुण. बी पर्यायात १६ बिट द्यायचं, ओ पर्यायात पत्ता हेक्स ७सी००, कारण संगणक सुरू करणारा बायॉस हा सेक्टर मेमरीत तिथेच ठेवतो.

पहिले तीन बाइट असतात ईबी ३सी ९०. ईबी म्हणजे जवळची उडी. दोन बाइटांची ती इन्स्ट्रक्शन संपते ७सी०२ वर, त्यात ३सी मिळवलं की ७सी३ई. म्हणजे खरा कोड ७सी३ई पासून सुरू होतो, आणि मधल्या जागेत डिस्कची माहिती आहे. पण एनडिसअॅझम उडीमागे जात नाही, तो ओळीने पुढे चालतो. तिथे बहुधा ‘एमएसडॉस५.०’ हे नाव लिहिलेलं असतं, बाइट ४डी ५३ ४४ ४एफ ५३ ३५ २ई ३०, आणि साधन ते असं वाचतं : डेक बीपी, पुश बीएक्स, इंक एसपी, डेक डीआय, पुश बीएक्स, आणि शेवटचे तीन बाइट मिळून एक्सॉर एएक्स, ३०२ई. एकही इन्स्ट्रक्शन बेकायदा नाही. पण एसपी, म्हणजे स्टॅक पॉइंटर, एकाने वाढवून लगेच पुश करणारा माणूस सापडणं कठीण, आणि त्या विचित्रपणावरूनच हा मजकूर असल्याचं कळतं. उपाय एका पर्यायाचा : एस देऊन ७सी३ई ही जुळणीची जागा सांगायची. हा आकडा मूळ पत्ता धरून द्यायचा असतो. नुसतं ३ई दिलं तर काहीच फरक पडत नाही, आणि पर्याय चालत नाही असं वाटत राहतं. डॉसच्या कॉम फाइलीसाठी हेच सगळं, फक्त पत्ता हेक्स १००.

ओळीने वाचत जाण्याच्या या पद्धतीला लिनिअर स्वीप म्हणतात, आणि लिनक्सवर सगळ्यांच्या हाताशी असणारा ऑब्जडंप तिच्यावरच चालतो. स्वच्छ कंपायलरने बनवलेल्या, सिम्बॉल, म्हणजे फंक्शनांची नावं, शाबूत असलेल्या ईएलएफ फाइलीसाठी तो उत्तम आहे. दोन सेकंदांत हवं ते फंक्शन समोर. छोटा डी दिला तर तो फक्त कोडचे सेक्शन उलगडतो, मोठा डी दिला तर डेटासकट सगळंच. मोठ्या डीच्या यादीत डेटाच्या जागी दिसणाऱ्या इन्स्ट्रक्शन खऱ्या मानून बसणं ही नवख्यांची हमखास चूक. दुसऱ्या प्रोसेसरची फाइल दिल्यावर आर्किटेक्चर ‘अननोन’ असल्याची तक्रार आली, तर फाइल बिघडलेली नसते. आपल्या मशीनवरचा ऑब्जडंप फक्त आपल्याच प्रोसेसरसाठी बांधलेला असतो. त्या प्रोसेसरच्या टूलचेनमधला ऑब्जडंप घ्यावा, किंवा एलएलव्हीएमचा, ज्यात सहसा अनेक प्रोसेसर एकत्र असतात.

लिनिअर स्वीपला फसवायला किती कमी लागतं ते पाहा. ३२ बिट कोडमध्ये हे सात बाइट घ्या : ईबी ०१ ई८ ३१ सी० ४० सी३. पहिली इन्स्ट्रक्शन एक बाइट ओलांडून उडी मारते. ओलांडलेला बाइट ई८, तो कचरा. पुढे ईएएक्स हे उत्तर ठेवायचं रजिस्टर शून्य करा, एकाने वाढवा, परत जा. प्रोसेसरसाठी हे फंक्शन १ परत करतं, एवढंच. पण ओळीने वाचणाऱ्याला ई८ म्हणजे कॉल, आणि कॉल पुढचे चार बाइट पत्ता म्हणून गिळतो. नेमके चारच बाइट उरलेले आहेत! यादीत उरतं एक जंप आणि कुठल्या तरी अशक्य पत्त्यावर एक कॉल. रिटर्न नाहीसा.

उडीमागे जाऊन वाचणारी साधनं, म्हणजे आयडा, घिड्रा, बायनरी निंजा, रडारे२ आणि त्यातून २०२० मध्ये फुटून निघालेलं रिझिन, इथे फसत नाहीत. ती सुरुवातीच्या पत्त्यावरून निघतात, उडी दिसली की उडीच्या जागी जातात, कॉल दिसला की दोन्ही वाटा धरतात. त्यांना फसवायला थोडी अधिक मेहनत लागते : ७४ ०३ ७५ ०१ ई८. शून्य असेल तर उडी, शून्य नसेल तरही उडी, दोन्ही एकाच जागी. माणसाला कळतं की मधल्या ई८ पर्यंत कुणी पोचणारच नाही. साधन मात्र दुसरी उडी घडली नाही तर काय, म्हणून ई८ पासूनही वाचू लागतं. याची खूण पाठ करून ठेवण्यासारखी आहे. उडीचा पत्ता एखाद्या इन्स्ट्रक्शनच्या पोटात पडलेला दिसतो आणि लेबलापुढे ‘+१’ लागतं. तो ‘+१’ दिसला की तिथला कोड मोडायचा आणि एक बाइट पुढून पुन्हा कोड करायचा.

या मोडण्या-जोडण्यात एक खड्डा आहे. आयडात सी हे अक्षर दाबलं की बाइटांचा कोड होतो, डी दाबलं की डेटा, यू दाबलं की सगळं मोडतं. घिड्रात डी दाबलं की कोड होतो आणि सी दाबलं की असलेला कोड पुसला जातो. एका साधनाची सवय झालेली बोटं दुसऱ्यात गेली की नेमकं उलटं काम करतात. घिड्रात केलेलं मागे घेता येतं, सुरुवातीपासून. आयडात ही सोय २०१९ मध्ये आली. त्याआधी लोक डेटाबेसच्या प्रती काढून ठेवत.

उडीमागे जाण्याची पद्धत लिनिअरपेक्षा हुशार असली तरी तिची उणीव वेगळ्या बाजूला आहे. लिनिअर जास्तीचं दाखवतं, उडीमागे जाणारी साधनं कमी दाखवतात. स्विचच्या टेबलमधून घेतलेली उडी, सी प्लस प्लसची व्हर्च्युअल फंक्शनं, कॉलबॅक म्हणून दिलेले पत्ते : इथे उडीची जागा बाइटांत लिहिलेली नसते, चालताना ठरते. तिथवर साधन पोचलं नाही तर तो कोड न उलगडलेल्या बाइटांच्या पट्ट्यासारखा पडून राहतो. घिड्रात ‘अॅग्रेसिव्ह इन्स्ट्रक्शन फाइंडर’ नावाचा विश्लेषक यासाठीच आहे, आणि तो मुळात बंद असतो ते योग्यच आहे. चालू केला की डेटातूनही फंक्शनं उगवू लागतात. कधीच न परतणाऱ्या फंक्शनांचाही असाच घोळ. एक्झिटला कॉल केल्यावर कंपायलर पुढे काहीच लिहित नाही, थेट पुढचं फंक्शन सुरू करतो. ते फंक्शन परतत नाही हे साधनाला माहीत नसेल तर दोन फंक्शनं एकमेकांत शिरतात. डीकम्पायलरच्या, म्हणजे इन्स्ट्रक्शनवरून सीसारखा मजकूर बनवणाऱ्या भागाच्या, खिडकीत एखादं फंक्शन अवाजवी लांब आणि मधेच विषय बदलणारं दिसलं, तर आधी हाच संशय घ्यावा.

बिट चुकीचे निवडले तर मात्र लगेच कळतं, खूण माहीत असेल तर. ६४ बिट फंक्शनची नेहमीची सुरुवात ५५ ४८ ८९ ई५ : पुश आरबीपी, मूव्ह आरबीपी, आरएसपी. हेच बाइट ३२ बिट म्हणून वाचले तर मधला ४८ वेगळा पडतो आणि ‘डेक ईएएक्स’ होतो, कारण ४० ते ४एफ हे बाइट ६४ बिट मध्ये उपसर्ग आहेत आणि ३२ बिट मध्ये स्वतंत्र इन्स्ट्रक्शन. पानभर डेक ईएएक्सचा पाऊस दिसला की साधन बदलायचं नाही, बिट बदलायचे.

फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच बसवलेला प्रोग्राम, हा या सगळ्याचा खरा कस. उपकरणातून काढलेली हेडर नसलेली फाइल, प्रोसेसर बहुधा एआरएम कॉर्टेक्स-एम, आणि पत्ता अज्ञात. फाइल इंटेल हेक्सच्या रूपात मिळाली असेल, म्हणजे प्रत्येक ओळ विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी सुरू होत असेल, तर ती कच्च्या बायनरीत बदलायची घाई करू नये. त्या ओळींत पत्ते असतात. बदलताना तेच हरवतात. कच्चीच फाइल असेल तर पहिले आठ बाइट पाहायचे. समजा ते ०० ५० ०० २०, सी१ ०१ ०० ०८ असे आहेत. उलट क्रमाने वाचले की पहिला आकडा २०००५००० : रॅम २०००००००पासून सुरू होते, म्हणजे २० केबी रॅमचं टोक, हा स्टॅक. दुसरा ०८०००१सी१ : रीसेट झाल्यावर जायची जागा. शेवटचा १ हा पत्त्याचा भाग नाही, ‘पुढचा कोड थम्ब (एआरएमच्या आखूड इन्स्ट्रक्शनचा संच) आहे’ असं सांगणारी ती खूण. खरा पत्ता ०८०००१सी०, आणि फाइलीचा पाया ०८००००००, जिथे एसटीएम३२ घराण्यात फ्लॅश बसवलेली असते. घिड्रात फाइल ‘रॉ बायनरी’ म्हणून घ्यायची, भाषा एआरएम, लिटल एंडियन, ३२ बिट, कॉर्टेक्स निवडायची, आणि आयात करतानाच पर्यायांत हा पाया भरायचा. साधा एआरएम निवडला तर चार-चार बाइटांच्या निरर्थक इन्स्ट्रक्शन दिसतात. कॉर्टेक्स-एमला थम्बशिवाय दुसरी भाषाच येत नाही.

पाया चुकला तर गंमत अशी की पहिल्या नजरेला काही बिघडलेलं दिसत नाही. उड्या आणि कॉल ‘इथून इतकं पुढे’ अशा सापेक्ष अंतरांनी लिहिलेले असल्यामुळे ते बरोबर जुळतात. तुटतं ते पूर्ण पत्त्यांचं नातं. मजकूर सगळा सापडतो, पण त्या मजकुराचा वापर कुठे झाला हे विचारलं तर एकही जागा निघत नाही. संदर्भांची यादी अशी रिकामी दिसली की विश्लेषणाला दोष न देता पाया तपासावा. एव्हीआर या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर आणखी एक वळण आहे. तिथे माहितीपत्रक पत्ते १६ बिटांच्या शब्दांत मोजतं आणि ऑब्जडंप बाइटांत, त्यामुळे एटीमेगा३२८पीच्या पत्रकात इंटरप्टचा पत्ता २ असेल तर यादीत तो ४ वर शोधायचा.

बाइटकोडच्या, म्हणजे थेट प्रोसेसरऐवजी जावासारख्या व्हर्च्युअल मशीनसाठी लिहिलेल्या, फाइलींना तर या मंडळींकडे नेऊच नये. डॉटनेटची फाइल बाहेरून पीईच असते, पण साध्या डिसअसेंबलरला एक्सई फाइलीच्या दारात डॉटनेट सुरू करणाऱ्या एमएसकोरईई लायब्ररीकडे जाणारी एकच उडी दिसते. आतलं आयएलस्पायने वाचावं, जवळजवळ मूळ सी शार्प हाती येतं. जावाला जावापी किंवा सीएफआर, अँड्रॉइडला जॅडेक्स, वेबअसेंब्लीला वॅबिट. पायथनच्या पीवायसीला पायथनचंच डिस मॉड्यूल, पण ज्या आवृत्तीने फाइल बनली त्याच आवृत्तीचं, कारण बाइटकोड आवृत्तीगणिक बदलतो, ३.७ पासून हेडर १६ बाइटांचा आहे, तेवढे सोडून वाचायला लागायचं.

पॅक केलेल्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या, फाइलीवर कुठलंही साधन बिचारं दिसतं. एंट्रॉपी (बाइट किती विस्कळीत आहेत त्याचं माप) ८ च्या जवळ, आयात केलेली फंक्शनं तीन-चारच, आणि सेक्शनची नावं यूपीएक्स० आणि यूपीएक्स१ : असं असेल तर आधी यूपीएक्सनेच ती उलगडावी, नंतर डिसअसेंबलर. आणि ईएलएफ फाइल चालते, पण ऑब्जडंपचा छोटा डी काहीच दाखवत नाही, तर सेक्शनची यादी कुणीतरी उडवलेली असते. फाइल चालवायला ती लागतच नाही, प्रोग्राम हेडर पुरतात. आयडा आणि घिड्रा त्या हेडरांवरूनही फाइल उभी करतात, म्हणून अशा वेळी तिकडे वळायचं.

राहिला स्वभावांचा प्रश्न. घिड्रा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मार्च २०१९ मध्ये खुलं केलं. फुकट, डीकम्पायलरसकट, आणि त्यातल्या प्रोसेसरांची वर्णनं स्ले नावाच्या भाषेत साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली. अपरिचित प्रोसेसर असेल तर वर्णन स्वतः लिहिता येतं, ही सोय मला त्याच्या डीकम्पायलरहूनही मोलाची वाटते. चालू व्हायला मात्र ते वेळ घेतं, आणि जावाची योग्य आवृत्ती नसेल तर चालूच होत नाही. आयडा वेगवान आहे आणि फंक्शनं ओळखण्यात पक्कं, पण महाग. मोफत आवृत्ती एक्स८६ घराण्यापुरती, आणि तिचा डीकम्पायलर इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालतो. गोपनीय फाइल हाताळणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. स्क्रिप्ट लिहून शेकडो फाइली चाळायच्या असतील तर बायनरी निंजाची मधली भाषा (इन्स्ट्रक्शनपेक्षा सोपी, सीपेक्षा खालची) हाताळायला सगळ्यात सुटसुटीत. रडारे२ आणि रिझिन टर्मिनलवर राहणाऱ्यांसाठी, आणि सर्व्हरवर दुसरं काही बसवता येत नसेल तेव्हा. एक सूचना : तीन ए दाबून सगळं विश्लेषण चालवायची सवय मोठ्या फाइलीवर लावू नये. हवं ते एकच फंक्शन उलगडून पाहावं. स्वतःचंच साधन लिहायचं असेल तर कॅपस्टोन ही लायब्ररी आहे, पण ती दिलेले बाइट ओळीने उलगडते, एवढंच. उडीमागे जायचं काम लिहिणाऱ्याचं.

संशयास्पद फाइल असेल तर डिसअसेंबल करणं म्हणजे चालवणं नव्हे, हे खरं. पण साधनांच्या पोटातही बग असतात. २०१४ साली निरुपद्रवी वाटणाऱ्या ‘स्ट्रिंग्ज’ कमांडमागच्या लायब्ररीतच एक गंभीर चूक सापडली होती. वेगळं व्हर्च्युअल मशीन घ्यावं.

एकाच जागेवर शंका असेल तर दोन वेगळ्या पद्धतींच्या साधनांना विचारावं, एक लिनिअर, एक उडीमागे जाणारं. तुलना करताना पत्ते जुळले नाहीत म्हणून घाबरू नये. हलवता येण्याजोग्या ६४ बिट ईएलएफ फाइलीला घिड्रा हेक्स १००००० वर ठेवतं, ऑब्जडंप शून्यावर. एकाकडे ११४९ असेल ते दुसऱ्याकडे १०११४९. तेवढं वजा करूनही दोघांचं वाचन वेगळं राहिलं, तर त्या पत्त्याच्या अलीकडे डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावायचा, एकेक इन्स्ट्रक्शन पुढे न्यायची, आणि प्रोसेसर कुठल्या बाइटावर पाय ठेवतो ते पाहायचं.